घरी काढलेले मुठेल : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस विकत आणलेला मुठेलाचा, म्हणजे टाचांच्या भेगांवर लावायच्या कोकमाच्या बियांच्या घट्ट तेलाचा, गोळा कपाटात ठेवल्या ठेवल्या लोण्यासारखा मऊ झाला आणि त्याच्याभोवतीचा कागद तेलाने भिजला. तो परत नेला तेव्हा, उन्हाळ्यात कोणतेही तेल पातळ होणारच, असे सांगून विक्रेत्याने पैसे परत देण्यास साफ नकार दिला. हे उत्तर मला पटले नाही. कोकमाच्या बियांचे शुद्ध तेल ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापल्याशिवाय वितळत नाही, आणि रत्नागिरीच्या दमट उन्हाळ्यातही घरातल्या सावलीतल्या कपाटाचे तापमान तिथवर जात नाही. त्या गोळ्यात दुसरे स्वस्त तेल मिसळलेले होते, असे माझे मत आजही कायम आहे. पैसे गेल्याच्या संतापातच मी ठरवले की यंदा परसातल्या रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, एकही बी उकिरड्यावर जाणार नाही.

आमसुले म्हणजे रातांब्याच्या वाळवलेल्या साली. त्यांना वाळवताना रसाची पुटे देण्यासाठी फळाच्या गराचा रस गाळून घेतला की खाली चिकट बिया उरतात. त्या राखेत चोळून धुतल्या आणि आठवडाभर कडक उन्हात वाळवल्या, तेव्हा साधारण ४ किलो भरल्या. बियांची टरफले दगडाने फोडून आतला गर वेगळा करण्याचे काम सर्वांत कंटाळवाणे आहे. त्यात माझ्या तीन दुपारी गेल्या. गर कुटून पाण्यात मंद आचेवर उकळला की तेल वर तरंगू लागते, ते पळीने काढून घ्यायचे आणि गोठू लागताच मुठीत दाबून गोळे वळायचे. मुठेल हे नाव त्या मुठीवरूनच आले आहे. बियांच्या वजनाच्या जवळजवळ चतुर्थांश तेल असते, परंतु घरगुती पद्धतीने ते सगळे हाती लागत नाही. मला अर्धा किलोपेक्षा थोडे जास्त मिळाले आणि खर्च केवळ सरपणाचा झाला.

माझी एक चूक इथे सांगितली पाहिजे. वरचे तेल काढताना त्यासोबत पाणीही येते, ते मी पुरेसे आटवले नाही. श्रावणात डबा उघडला तर दोन गोळ्यांना आंबूस वास येत होता आणि कापल्यावर आत पाण्याचे थेंब दिसले. शेजारच्या काकूंनी पाहताक्षणी विचारले, "चरचर थांबेपर्यंत कढवलं होतंस का?" मी कढवले नव्हते. ते दोन गोळे टाकून दिले, उरलेले पुन्हा वितळवले आणि तेलातला आवाज पूर्ण थांबल्यावरच उतरवून कोरड्या वाडग्यात ओतले. त्यानंतर आजपर्यंत वास बदललेला नाही.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे कडकपणा. पहिले तीन महिने मी या तेलावर मनापासून नाराज होते. टाचेवर गोळा घासला तर दगड घासल्यासारखे वाटे, पांढरे कण चादरीवर पडत आणि भेगेत काहीच शिरत नसे. खोबरेल तेल २५ अंशांच्या सुमारास पातळ होते, म्हणून हाताला लागताच ते पसरते. मुठेलात स्टिअरिक आणि ओलिक ही मेदाम्ले (तेलाचे मूळ घटक) प्रामुख्याने असतात, त्यांतल्या स्टिअरिकमुळे ते घट्ट राहते, आणि टाचेची त्वचा तर शरीराच्या इतर भागांहून थंड असते. सप्टेंबरात कोणी विचारले असते तर, इतक्या कष्टाचे हे फळ नव्हे, असेच मी सांगितले असते.

माझे मत बदलले ते नोव्हेंबरात. रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटे पाय बुडवून, पुसून, जुन्या लोखंडी पळीत नखाएवढा तुकडा समईच्या ज्योतीवर वितळवला आणि तो सोसवेल इतपत निवल्यावर कापसाच्या बोळ्याने भेगेत सोडला. तेल आत जाऊन तिथेच गोठले. ज्या कडकपणाला मी दोष देत होते, त्याच्यामुळेच भेगेवर जणू झाकण बसले. खोबरेल रात्रीत पुसले जाते, हे सकाळपर्यंत जागेवर होते. वर सुती मोजे घातले की अंथरूणही खराब होत नाही. तीन आठवड्यांत उजव्या टाचेच्या उथळ भेगा मिटल्या, डावीवरची जुनी खोल भेग मात्र फेब्रुवारीपर्यंत टिकली. रक्त येणारी किंवा पिकलेली भेग असेल, अथवा मधुमेह असेल, तर यावर विसंबून न राहता डॉक्टरांना दाखवावे.

तोच कडकपणा खरेदीच्या वेळीही उपयोगी पडतो. कडक गोळा शुद्धच असेल असे नाही, कारण मेण मिसळूनही तो कडक करता येतो. परंतु आमच्याकडच्या उन्हाळ्यात सावलीत ठेवलेला गोळा लोण्यासारखा मऊ पडत असेल तर त्यात भेसळ असल्याची शंका खुशाल घ्यावी.

ओठांसाठी मी ते निम्म्या खोबरेल तेलात वितळवून वापरते आणि तिथे काहीच तक्रार नाही. आमांशावर मुठेल पोटात देण्याची जुनी पद्धत घरात ऐकली आहे. ती मी करून पाहिलेली नाही आणि करणारही नाही. अंगावर पित्त उठल्यावर आमसुले भिजवून ते पाणी गांध्यांवर लावले, तेव्हा खाज तासाभरात कमी वाटली, पण पित्त आपोआपही बसते, म्हणून त्याचे सगळे श्रेय आमसुलाला देणे मला योग्य वाटत नाही.

अकरा महिन्यांनंतर वाडग्यात अजून निम्म्याहून अधिक मुठेल शिल्लक आहे. पूर्वी भेगांच्या मलमाची नळी मला दर महिन्याला लागत असे. डिसेंबरानंतर एकही आणलेली नाही. यंदा झाडावर पहिले रातांबे लाल होऊ लागले आहेत, आणि पाऊस येण्याआधी बिया वाळाव्यात म्हणून राख आतापासूनच चाळून डब्यात भरून ठेवली आहे.