रंगकामाचा कंत्राटदार किती मोठा? उलाढाल बघायची की हजेरी?

सोसायटीच्या बाहेरच्या रंगकामासाठी कोटेशनं मागवली की जवळपास प्रत्येक कागदावर एक ओळ ठरलेली असते : वार्षिक उलाढाल अमुक लाख, तमुक कोटी. कमिटीतली मंडळी आधी दर बघतात, मग ही ओळ बघतात, आणि ज्याचा आकडा मोठा तो कंत्राटदार मोठा असं धरून चालतात. रंगकामात हे फार फसवं ठरतं, कारण इथे एकच काम दोन पद्धतींनी घेतलं जातं. ‘विथ मटेरियल’ घेतलं तर रंग, प्रायमर, पुट्टी सगळ्याचे पैसे कंत्राटदाराच्या बिलात येतात. लेबर रेटने घेतलं तर माल सोसायटी आणते आणि बिलात फक्त मजुरी दिसते. भिंत तीच, माणसं तेवढीच, दिवसही तेवढेच लागतात; उलाढाल मात्र एकाची दुसऱ्याच्या दुप्पट दिसू शकते.

हे नीट कळावं म्हणून दोन कंत्राटदार समोरासमोर ठेवू. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, पण असे दोघे पुण्यात किंवा ठाण्यात कुठल्याही कमिटीच्या टेबलावर एकाच वेळी येऊ शकतात.

| | कंत्राटदार ‘क’ | कंत्राटदार ‘ख’ |
|---|---|---|
| वर्षाची उलाढाल (जीएसटी वगळून) | १ कोटी १० लाख | ४२ लाख |
| रंग, प्रायमर, पुट्टी वगैरे माल | ५० लाख | १ लाख (ब्रश, रोलर, पॉलिश पेपर) |
| पेटी कंत्राटदारांना (पोटकंत्राटदारांना) दिलेलं | ३५ लाख | काही नाही |
| स्वतःच्या हातचं काम | २५ लाख | ४१ लाख |
| वर्षभर टिकणारी माणसं | ५ | १२ |

पहिल्या ओळीत ‘क’ अडीच पट मोठा आहे. चौथ्या ओळीत ‘ख’ त्याच्या पुढे गेलेला आहे. यातली कुठली ओळ खरी, असा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. पहिली सांगते की या माणसाच्या हातून वर्षाला किती पैसा फिरतो. मालाला ॲडव्हान्स देणं, दुकानदाराकडे उधारी टिकवणं, तुमचं रनिंग बिल (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) महिनाभर अडकलं तरी काम चालू ठेवणं याचा अंदाज तिच्यावरून येतो. चौथी सांगते की प्रत्यक्ष रंग कोण लावणार.

‘क’ला कमी लेखण्याचं कारण नाही. पेटीवर काम देणं हा या धंद्याचा जुना रिवाज आहे आणि चांगला कंत्राटदार पेटीवाल्याकडूनही नीट काम करून घेतो. अडचण येते ती तीन पेट्यांची तीन टोळकी एकाच इमारतीवर आली की. पूर्वेच्या भिंतीची लांबी (पुट्टी) नीट घासलेली आणि पश्चिमेची तशीच राहिलेली, हा प्रकार अशा वेळी होतो. पेटीवाल्याला चौरस फुटावर पैसे मिळतात, त्यामुळे त्याला घासायचा कंटाळा असतो.

आता हजेरीचं, म्हणजे एका माणसाच्या एका दिवसाच्या कामाचं, गणित. उलाढाल पडताळायची ही माझ्या मते सगळ्यात उपयोगी रीत आहे आणि तिला कागदपत्रंही लागत नाहीत. रंगारी वर्षाला २५० दिवस काम करतो असं धरून चालू. पावसाळा, गावची जत्रा, सणवार वजा जाता याहून फार जास्त होत नाही. मिस्त्री आणि हेल्पर मिळून सरासरी माणशी, कंत्राटदाराच्या नफ्यासकट, दिवसाला १,४०० रुपये बिलात लागतात असं समजा. तुमच्या गावातला रोज वेगळा असेल तर तो घाला. बारा माणसं गुणिले २५० म्हणजे ३,००० हजेऱ्या, गुणिले १,४०० म्हणजे ४२ लाख. ‘ख’चा आकडा बसला.

आता असा कोणी आला की मी फक्त लेबर रेटने कामं घेतो, माझी दहा माणसं आहेत आणि उलाढाल १ कोटी आहे, तर हिशेब करून बघा. २,५०० हजेऱ्यांत १ कोटी म्हणजे एका हजेरीला ४,००० रुपये. असा रोज कुठलीही सोसायटी देत नाही. मग एकतर माल धरलेला आहे, किंवा पेटीवर माणसं आहेत, किंवा आकडा तोंडी आहे. तिन्हींपैकी काय, ते सरळ विचारावं. प्रामाणिक माणूस लगेच सांगतो, कारण त्यात लपवण्यासारखं काही नसतं.

आकड्यात जीएसटी धरलाय का, हेही पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं. १८ टक्के करासकट १ कोटी म्हणजे करावाचून सुमारे ८४ लाख ७५ हजार. पंधरा लाखांचा फरक केवळ बेरजेच्या पद्धतीने पडतो.

कागदपत्रांकडे वळलं की आणखी गंमत आहे. बरेच छोटे कंत्राटदार आयकराच्या अनुमानित उत्पन्न योजनेत विवरणपत्र भरतात. उलाढाल २ कोटींपर्यंत (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत) असली की ८ टक्के, आणि बँकेतून किंवा ऑनलाइन आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून कर भरायचा, सविस्तर वह्या ठेवायची सक्ती नाही. कायद्याने यात काही गैर नाही. पण तुम्हाला हवी असलेली माल आणि मजुरीची विभागणी या विवरणपत्रात सापडत नाही, आणि नफ्याचा आकडाही सरकारी टक्केवारीचा असतो. त्यावरून धंदा कसा चाललाय हे ओळखू नये.

मालाचा अंदाज जीएसटीच्या मासिक किंवा तिमाही विवरणपत्रात, म्हणजे थ्री-बीमध्ये, बऱ्यापैकी लागतो. तिथे विक्री दिसते आणि खरेदीवर घेतलेलं इनपुट क्रेडिटही (खरेदीत भरलेल्या कराची वजावट) दिसतं. रंगावर जुलै २०१८ पासून १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी तो २८ होता. वर्षात ९ लाखांचं क्रेडिट घेतलं असेल तर खरेदी सुमारे ५० लाखांची. ‘क’च्या तक्त्यातली दुसरी ओळ ही अशी निघते. परांचीचं किंवा झुल्याचं भाडं बिलावर असेल तर तेही याच क्रेडिटमध्ये मिसळलेलं असतं, एवढं लक्षात ठेवावं. पेटीवाले बहुधा नोंदणीकृत नसतात, म्हणून त्यांचा खर्च इथे दिसत नाही. तो तोंडीच काढावा लागतो.

‘ख’च्या बाबतीत हे सगळं लागू होईलच असं नाही. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाखांची आहे, त्यामुळे ४२ लाखांना नोंदणी हवीच. पण ५० लाखांपर्यंत त्याला कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्यांसाठीच्या ठोक दराच्या योजनेत, ६ टक्क्यांनी कर भरता येतो. तसं केलं असेल तर तो थ्री-बी भरतच नाही, तिमाही सीएमपी-०८ हा फॉर्म भरतो, इनपुट क्रेडिट घेत नाही आणि बिलावर वेगळा करही लावू शकत नाही. म्हणून दोघांचे दर समोरासमोर ठेवताना ‘क’च्या दरावर १८ टक्के चढवूनच ठेवावेत. ३० लाखांचं कोटेशन ३५ लाख ४० हजारांचं होतं, आणि कमिटीच्या सभेत हा फरक शेवटी कुणीतरी खजिनदारच काढतो.

सव्वीस-एएस, म्हणजे कुणी किती टीडीएस कापला ते दाखवणारा आयकर खात्याचा उतारा, हा आणखी एक कागद बरेच जण मागतात. तो उपयोगाचा आहे, पण एकतर्फी आहे. गृहनिर्माण संस्था आणि कंपन्या कंत्राटदाराच्या बिलातून टीडीएस कापतात : एकरकमी ३० हजारांच्या वर किंवा वर्षात १ लाखाच्या वर गेलं की व्यक्ती असेल तर १ टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर २. कापलं की कापणाऱ्याचं नाव आणि रक्कम सव्वीस-एएसवर चढते. म्हणजे इमारतींची कामं करणाऱ्याची उलाढाल तिथे तिऱ्हाइताच्या साक्षीने दिसते. पण स्वतःचा फ्लॅट रंगवून घेणारा मालक साधारणपणे काही कापत नाही. दसरा-दिवाळीच्या आधी दीड महिन्यात पन्नास फ्लॅट उरकणारा कंत्राटदार तिथे जवळजवळ कोराच दिसतो. त्याचा कागद रिकामा दिसला म्हणून तो खोटं बोलतोय असं नाही. त्याने इमारतीची कामं फारशी केलेली नाहीत, इतकंच त्यावरून ठरतं. तुमचं काम इमारतीचं असेल तर तेवढं पुरेसं आहे.

उद्यम प्रमाणपत्राबद्दल (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीबद्दल) दोन वाक्यांत. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५ कोटींवरून १० कोटी झाली, त्यामुळे ‘क’ही सूक्ष्म, ‘ख’ही सूक्ष्म. धंदा नोंदलेला आहे यापलीकडे त्यातून आकार कळत नाही.

कंत्राटदार आकडा फुगवतात ते नेहमी तुम्हाला फसवायलाच असं समजू नये. छोट्या उद्योगाला खेळतं भांडवल देताना बँका अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्क्यांचं गणित लावतात. मोठा आकडा बोलायची सवय तिथूनही लागते. शिवाय आर्थिक वर्षाचा खेळ आहेच. बाहेरचं रंगकाम पावसाळा सरल्यावर सुरू होतं आणि मे अखेरपर्यंत ओढलं जातं. फेब्रुवारीत धरलेलं काम मार्चअखेर अर्धं बिल झालं की एका वर्षात, उरलेलं दुसऱ्या वर्षात. एखादं वर्ष त्यामुळे उगाच भरघोस आणि पुढचं रोडावलेलं दिसतं. एका वर्षाचा आकडा म्हणूनच घेऊ नये. तीन वर्षांची सरासरी घ्यावी.

सरकारी निविदांतही तीन वर्षांचीच सरासरी धरतात. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार सरासरी वार्षिक उलाढाल कामाच्या अंदाजित रकमेच्या किमान ३० टक्के हवी. त्याबरोबर मागच्या सात वर्षांत तसंच काम केलेलं हवं : ४० टक्के रकमेची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. सोसायटीवर हे बंधनकारक नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगली आहे. तुमचं काम ३० लाखांचं असेल तर उलाढालीची अट ९ लाखांची झाली. ‘क’ आणि ‘ख’ दोघंही ती सहज ओलांडतात. म्हणजे ज्या आकड्यावर कमिटी इतका वेळ घालवते, त्याने इथे निवड होतच नाही. निवड होते ती दुसऱ्या अटीने : १२ लाखांची तीन, १५ लाखांची दोन, किंवा २४ लाखांचं एक.

आणि नेमका इथेच लेबर रेटवाल्यावर अन्याय होतो. ‘ख’ने १५ लाख मजुरीची इमारत केली असेल तर ते काम मालासकट २८-३० लाखांचं होतं. त्याच्या बिलात निम्मी रक्कम दिसते म्हणून ‘तसंच काम’ या अटीत त्याला बाद करू नये. दोघांची जुनी कामं एकाच पायावर आणावीत, दोन्ही मालासकट किंवा दोन्ही नुसत्या मजुरीवर. हे एवढं केलं की निम्मे वाद मिटतात.

मग तुमचं काम त्यांच्या माणसांत किती दिवसांत बसतं ते बघा. ३० लाखांत मजुरी १४ लाख धरली तर १,४०० च्या हिशेबाने १,००० हजेऱ्या. ‘ख’ची बारा माणसं ते सुमारे ८३ दिवसांत उरकतील, म्हणजे महिन्याला पंचवीस दिवस धरले तर साडेतीन महिन्यांच्या आत. दिवाळीनंतर सुरू केलं तर मार्चच्या आत परांची उतरते. अर्थात सगळी माणसं तुमच्याकडेच लावली तर. त्याने एकाच वेळी आणखी दोन कामं धरली असतील तर मे उजाडेल. ‘क’ची स्वतःची पाच माणसं धरली तर २०० दिवस लागतील, तेव्हा पेटीवाले येणार हे गृहीतच आहे. त्यांची नावं, सुपरवायझर कोण आणि विमा कुणाचा, हे करारातच लिहून घ्यावं.

एवढं सगळं मांडून माझा कल सांगतो. चार-पाच मजल्यांच्या दोन-तीन इमारती असतील, कमिटीत मालाकडे लक्ष देणारा एखादा निवृत्त माणूस असेल आणि दुकानदाराकडून सूट मिळवायची तयारी असेल, तर ‘ख’ घ्यावा आणि माल सोसायटीनेच आणावा. रंग पातळ केला का, दोन हात मारले की दीड, ही शंका तिथे कमी राहते, कारण बादलीत पाणी जास्त घालण्यात त्याचा काही फायदा नसतो. पंधरा-वीस मजली टॉवर असेल, झुले लागणार असतील, रंग कंपनीची वॉरंटी हवी असेल आणि सोसायटीचा निधी हप्त्याहप्त्याने जमणार असेल, तर ‘ख’ला दम लागेल. तिथे ‘क’च बरा, त्याची १ कोटी १० लाखांची उलाढाल अशा वेळी खरोखर कामाला येते. मधल्या आकाराच्या कामात मी तक्त्यातली चौथी ओळ, म्हणजे स्वतःच्या हातचं काम, बघेन.

घरातला एखादाच फ्लॅट रंगवायचा असेल तर यातलं काहीच करू नका. ‘सर्व प्रकारची कलरची कामे घेतली जातात’ असं कार्ड देणाऱ्याला त्याने मागच्या वर्षी केलेली दोन घरं दाखवायला सांगा. बाथरूमबाहेरची भिंत आणि खिडकीखालचा भाग बघितला की पुरतं.

राहिला नवा माणूस. मोठ्या कंत्राटदाराकडे दहा वर्षं मुकादम असलेला, आता स्वतःची सहा माणसं घेऊन निघालेला. उलाढाल १२ लाख, २० लाखांच्या आत म्हणून जीएसटी नोंदणी नाही, तीन वर्षांची विवरणपत्रंही नाहीत. वरच्या कुठल्याही मोजपट्टीत तो बसत नाही, आणि तरीही त्या दोघांपेक्षा जास्त भिंती त्याने स्वतःच्या नजरेखाली करून घेतलेल्या असू शकतात. त्याला सगळी सोसायटी देऊ नये, एक विंग द्यावी. माल सोसायटीचा, पैसे दर शनिवारी झालेल्या मापावर, दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत राखून. दुसऱ्या विंगचा दर मात्र पहिल्याच करारात लिहून घ्यावा, कारण काम चांगलं झालं की तो वाढवून मागणार, आणि त्याचं मागणं तेव्हा रास्तच असेल.