टांगलेल्या शिकारीला कसर लागली: डांबरगोळ्या, फवारणी, डीप फ्रीझर की बिनऑक्सिजनची पिशवी?

पेंढा भरून भिंतीवर टांगलेल्या जनावराच्या मुंडक्याचे केस पुंजक्यापुंजक्याने गळायला लागले, की घरात पहिली सूचना येते डांबरगोळ्यांची आणि दुसरी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावण्याची. फ्रीझरचं नाव कुणी काढत नाही. माझ्या मते विचार तिथूनच सुरू करावा.

पण आधी कीड जिवंत आहे का ते बघा. कानामागे, ओठांच्या कडेला, डोळ्यांभोवती आणि मानेखालच्या शिवणीवर मऊ ब्रशने केस उलटे सारा. केसांच्या मुळाशी रेशमी जाळी किंवा बारीक नळ्या दिसल्या, तर ते काम कसरीच्या पतंगाच्या अळीचं. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, तपकिरी, केसाळ रिकाम्या साली मिळाल्या, तर कार्पेट बीटल नावाच्या भुंगेऱ्याचं. दोघांचंही खाणं केराटिन, म्हणजे केस, पिसं आणि शिंगांवरचं आवरणसुद्धा. म्हणून गव्याच्या आणि काळविटाच्या शिंगांचं मूळ तपासायचं. सांबर-चितळाची शिंगं हाडाची, ती सहसा वाचतात. मग खाली पांढरा कागद पसरून आठवडाभर ठेवा. नवा भुगा पडला नाही, तर नुकसान जुनं असण्याची शक्यता मोठी. मग उपचाराची घाई नको, लक्ष ठेवा.

हे सगळं हातमोजे आणि चांगला मास्क घालूनच करायचं. ब्रिटिश काळात कातड्याला आतून आर्सेनिकचा साबण चोळण्याची पद्धत सर्रास होती आणि ते विष आजही तिथेच असतं. तोंडाने फुंकर मारून धूळ उडवू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. आर्सेनिक होतं म्हणून कीड लागणारच नाही, असंही धरून चालू नका. ते कातड्याच्या आतल्या अंगाला, अळी खाते बाहेरचे केस.

आता पर्याय. पक्षी, लहान प्राणी, छोटं मुंडकं असं जे डीप फ्रीझरमध्ये मावतं, त्याला गारठवणं सगळ्यात बरं. सुती कापडात गुंडाळायचं, पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा काढायची, तोंड टेपने घट्ट बंद करायचं आणि उणे १८ ते २० अंशांना किमान २ आठवडे ठेवायचं. गारवा झपकन बसला पाहिजे. हळूहळू थंड केलं तर किडीला थंडीची सवय होते आणि अंडी वाचू शकतात. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. दव पिशवीवर धरू द्या, कातड्यावर नको. खर्च जवळजवळ शून्य, विष शून्य. मात्र खरे दात, मेणाची जीभ किंवा जाड रंगकाम असेल, तर तडे जाण्याचा धोका आहे. जबडा वासलेला बिबट्या मी फ्रीझरमध्ये घालणार नाही.

त्याच्यासाठी आणि मोठ्या मुंडक्यांसाठी बिनऑक्सिजनची पिशवी. इथे साधं पॉलिथिन चालत नाही, त्यातून ऑक्सिजन आत झिरपतो. ॲल्युमिनियमचा थर असलेली फिल्म लागते. आत ऑक्सिजन शोषणाऱ्या लोहभुकटीच्या पुड्या ठेवायच्या, खाद्यपदार्थांच्या पॅकिंगमध्ये वापरतात तशाच. पुड्या काम करताना तापतात, म्हणून त्या केसांना टेकू देऊ नका. सोबत रंग बदलणारी निदर्शक गोळी हवीच, नाहीतर पिशवी गळतेय हे कळणार नाही. २५ अंशांच्या आसपास ३ आठवडे धरावेत. थंड खोलीत जास्त. पुड्या आणि फिल्म शोधायला धावपळ होते, पैसेही लागतात. पण ना थंडीचा ताण, ना रसायनाचा डाग. जुन्या, दुर्मीळ वस्तूला मी हाच खर्च करेन.

डांबरगोळ्यांचा वास घट्ट बंद पेटीत कोंडला, तरच त्यांचा उपयोग. उघड्या भिंतीवर, मुंडक्यामागे पुरचुंडी खोचून कीड मरत नाही, वास मात्र घरभर फिरतो. जी६पीडी या लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाला डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनने रक्ताचा गंभीर त्रास होऊ शकतो. घरात तान्हं मूल असेल तर हा पर्याय सोडूनच द्या. कडुनिंबाचा पाला, वेखंड आणि कापूर यांच्या भरवशावर लागलेली कीड जात नाही. कडक उन्हात ठेवलं तर रंग उडतो आणि वाळलेलं कातडं शिवणीवर उलतं.

फवारणी खोलीसाठी ठीक आहे: फळीमागची भिंत, गालिच्याची कड, कपाटाखालची फट. थेट केसांवर नको, डाग पडतात आणि केस चिकट होऊन धूळ धरतात. धान्याच्या कोठारात वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या मात्र घरात आणायच्याच नाहीत. त्यांच्या वायूने माणसं दगावली आहेत.

बाहेर कुणाकडे उपचाराला न्यायचं असेल, तर आधी वनविभागाला विचारा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालचं मालकी प्रमाणपत्र हाताशी असू द्या आणि मुंडकं वारशाने आलं असेल तर त्याची नोंद झाली आहे का, ते तपासा.

यातल्या फ्रीझरने किंवा पिशवीने आतली कीड मरते, पुढच्या पतंगाला मज्जाव होत नाही. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर, व्हॅक्यूमच्या नळीला जाळीचं कापड बांधून, अगदी कमी ओढीवर, केसांच्या दिशेने धूळ काढा. ओल धरणाऱ्या भिंतीवरून मुंडकं हलवा. वळचणीत पारव्यांचं घरटं असेल तर तेही काढा; पिसांवर तिथेच पिढ्या वाढतात. गंधाचा चिकट सापळा लावलात, तर त्यात कसरीचे फक्त नर अडकतात आणि कार्पेट बीटल त्याकडे फिरकतही नाही. त्यामुळे सापळा रिकामा दिसला, तरी कानामागचे केस उलटून बघायचेच.