ऑस्टिन-हिली स्प्राइट मार्क १: वळणावर वसूल होणारी गाडी

१९५८ ला आलेली ब्रिटिश दोन आसनी स्पोर्ट्स कार, बेडकाच्या डोळ्यांसारख्या दिव्यांमुळे ‘फ्रॉगआय’ म्हटली जाणारी स्प्राइट. ९४८ सीसी इंजिन, दोन एसयू बनावटीचे कार्बोरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारे), ४३ अश्वशक्ती. ताशी ९६ किलोमीटर गाठायला वीसेक सेकंद लागतात, त्यामुळे सरळ रस्त्यावर ही गाडी संथच. चौथ्या गिअरमध्ये ताशी १०० ला इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर फिरतं आणि लांबच्या प्रवासात कान किटतात. तिची खरी कमाल वळणावर कळते.

स्टिअरिंग रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि छोटं दातेरी चाक), मॉरिस मायनर या गाडीकडून घेतलेलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टिअरिंगच्या अडीच फेऱ्याही होत नाहीत. मनगट हललं की नाक वळलंच! मागे मात्र सांभाळा. तिथले स्प्रिंगचे पाटे अर्धेच आहेत: पुढचं टोक बॉडीत आवळलेलं, मागच्या टोकाला अ‍ॅक्सल. बॉडी कलली की अ‍ॅक्सल किंचित तिरका होतो आणि मागची बाजू सुटल्याचा भास होतो. नवखा चालक इथे दचकून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो आणि मग ती खरंच सुटते. ब्रेक, गिअर वळणाआधीच उरकून घ्या. वळणात पाय स्थिर ठेवा आणि स्टिअरिंग किंचित सैल सोडा. एवढं जमलं की इतकी बोलकी गाडी दुसरी नाही.

पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचा वेग आपोआप जुळवणारी रचना) नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच, म्हणजे न्यूट्रलमध्ये थांबून क्लच दोनदा दाबणं, हवाच. चारही चाकांना सात इंची ड्रम ब्रेक. लांब उतारावर ते तापून पकड सोडतात, तेव्हा खालच्या गिअरवर उतरा. अनेकजण १२७५ सीसीचं इंजिन बसवतात. चांगला बदल, पण पुढे डिस्क ब्रेक आधी.

स्टिअरिंग जड किंवा ढिलं वाटलं तर किंग पिन (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती खीळ) बघा. दर १६०० किलोमीटरला ग्रीस भरायचं, तेही चाक जॅकवर उचलून. भार असताना ग्रीस आतपर्यंत पोचत नाही आणि खालची पिन झिजते.

विकत घेताना रंग, क्रोम नंतर. मागच्या पाट्यांची पुढची टोकं जमिनीच्या पत्र्यातल्या ज्या पेट्यांत बसतात, तिथे खालून स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. पत्रा दबला तर पेटी गंजलेली आहे. मग गाडी एका बाजूने जॅकवर उचला. दाराची फट आवळली किंवा दार अडकलं, तर दाराखालच्या सिलही गेल्या. सगळा भार याच पत्र्याच्या सांगाड्यावर; तो मजबूत राहावा म्हणून डिकीला झाकणही नाही. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.