बोरिस की ऋषी: 'मी तुमच्यातलाच' कोणाला जमलं?

बोरिस जॉन्सन आणि ऋषी सुनक, दोघंही ब्रिटनचे पंतप्रधान झाले, दोघंही महागड्या शाळांतले, बोरिस ईटनचा आणि सुनक विंचेस्टरचा, म्हणजे सामान्य माणूस दोघांपैकी एकही नाही. पण बोरिसनं ते लपवायचा प्रयत्नच केला नाही, उलट स्वतःचंच हसं करून घेतलं. कॅमेऱ्यासमोर यायच्या आधी केस मुद्दाम विस्कटायचा म्हणे. 2012 च्या ऑलिंपिकमध्ये लंडनचा महापौर असताना झिपलाइनवर मधेच अडकला, हातात दोन छोटे झेंडे, खाली लोक फोटो काढतायत, दुसरा कोणी असता तर करिअरची वाट लागली असती, हा अजूनच फेमस झाला!

सुनकचं उलट. मार्च 2022 मध्ये अर्थमंत्री म्हणून पेट्रोलवरचा कर कमी केला आणि फोटोसाठी छोट्या किआ रिओत पेट्रोल भरलं, नंतर कळलं की गाडी सुपरमार्केटच्या कर्मचाऱ्याची, उसनी आणलेली. वर काउंटरवर कार्ड टॅप करायचं तर हा बारकोड स्कॅनरसमोर धरून उभा. 2024 ला म्हणे लहानपणी आमच्याकडे स्काय टीव्ही (पैसे भरून बघायचे चॅनेल) नव्हता... अरे बाबा, इन्फोसिसचा जावई तू!

बोरिसचं पण नाटकच होतं हो, फक्त रिहर्सल दिसायची नाही.