वृद्धाश्रमातली वैद्यकीय सोय: येणारे डॉक्टर, मुक्कामी नर्स की व्हिडिओ कॉल?

आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम पाहायला गेलात की "डॉक्टर आहेत ना?" या प्रश्नाला सगळीकडे "हो" असंच उत्तर मिळतं. त्या "हो"चा अर्थ मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो.

बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या वारी डॉक्टर येतात, बीपी-शुगर बघतात, गोळ्या लिहून देतात आणि एरवी फोनवर असतात. प्रकृती स्थिर असलेल्या आणि आपलं दुखणं आपण सांगू शकणाऱ्या माणसाला एवढं पुरतं, खर्चही कमी येतो. अडचण येते ती दोन भेटींच्या मधल्या दिवसांत. न्यूमोनिया झालेल्या आजींना खोकला नसेल, फणफणून तापही नसेल. सकाळी अर्धीच पोळी खाल्ली, दिवसभर झोपून राहिल्या आणि संध्याकाळी असंबद्ध बोलू लागल्या, एवढंच दिसतं. या वयात तोंडात मोजलेलं तापमान 37.8 अंश सेल्सिअस, म्हणजे 100 फॅरनहाइट, भरलं तरी तो ताप धरायचा असतो. पण मोजायला कुणीतरी हवं!

म्हणून माझा कौल चोवीस तास हजर असणाऱ्या प्रशिक्षित नर्सला, तिच्या पाठीशी एकच ठरलेले डॉक्टर असतील तर. आजी काल किती जेवल्या होत्या हे तिला माहीत असतं. अमेरिकेत एव्हरकेअर या योजनेत जादा प्रशिक्षण घेतलेल्या नर्स अशा निवासींवर लक्ष ठेवत. 2003 च्या अभ्यासात तिथल्या निवासींना रुग्णालयात दाखल करण्याचं प्रमाण इतरांच्या साधारण निम्मं आढळलं. मात्र त्या नर्सना निर्णयाचे अधिकार होते. नर्सला साधी रक्ततपासणीही स्वतःहून सांगता येत नसेल, तर तिला दिसलेलं सगळं वहीतच राहतं. रात्री किती जणांमागे एक नर्स असते, हेही विचाराच.

व्हिडिओ कॉल रात्री-अपरात्री किंवा तज्ज्ञाचा सल्ला घ्यायला फार उपयोगी. पण छातीला स्टेथोस्कोप लावायला, कुशीवर वळवून पाठीवरचं बेडसोर दाखवायला खोलीत जाणतं माणूस लागतं. ऐकू कमी येणारे किंवा स्मृतिभ्रंश झालेले आजोबा पडद्यावरच्या डॉक्टरांना काय सांगणार? नर्सच्या जोडीला व्हिडिओ असेल तर उत्तम, तिच्याऐवजी नको.

सोय कोणतीही असो, गोळ्यांची यादी कोण आणि कधी तपासतं हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची बीअर्स यादी 1991 मध्ये वृद्धाश्रमातल्या निवासींसाठीच पहिल्यांदा तयार झाली. झोपेसाठी म्हणून दिलेल्या ॲलर्जीच्या जुन्या गोळीने गोंधळलेपणा येतो, बद्धकोष्ठता होते, लघवी अडते. मग त्या प्रत्येकासाठी नवी गोळी सुरू होते आणि मूळची तशीच चालू राहते. बंद केलेल्या औषधांची नोंद दाखवा म्हणावं. अशी नोंदच नसेल, तर तिथे गोळ्या फक्त वाढत असणार.