नाशिकमधलं पेट स्कॅन सेंटर: स्कॅनला पाच स्टार, फोन उचलणाऱ्यांना दोन

आईच्या लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) केमोच्या सहा सायकल झाल्या, मग डॉक्टरांनी पेट स्कॅन (PET, अंगात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन) लिहून दिला. सेंटरचं नाव टाकत नाही, तिथल्या सिस्टरला माझ्यापायी बोलणी नकोत. साडेसोळा हजार, सगळे ॲडव्हान्स, आणि आला नाहीत तर परत मिळणार नाहीत. हे ऐकून आधी डोकंच फिरलं, पण कारण कळल्यावर गप्प बसलो.

कारण असं की यात जे इंजेक्शन देतात ते एफडीजी, म्हणजे साखरेसारखंच पण त्याला रेडिओॲक्टिव्ह फ्लोरीन-१८ चिकटवलेलं. कॅन्सरच्या पेशी साखर जरा जास्तच ओढतात, तिथे हे साचतं आणि स्कॅनमध्ये दिसतं. फ्लोरीन-१८ सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या मशीनमध्ये बनतं आणि दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. आमच्या सेंटरला ते सकाळी मुंबईहून गाडीने येतं, म्हणजे तिकडून १०० निघालं तर चार तासांनी हातात साधारण २२. पेशंटच्या वजनावर डोस ठरतो, तुम्ही आला नाहीत तर तो फ्रीजमध्ये ठेवून उद्या वापरता येत नाही. ठीक आहे, पटलं.

पण मग हाच नियम स्वतःला का नाही लावत? आम्हाला "सातला म्हणजे सातलाच" म्हणून दोनदा फोन, आणि आम्ही पोचलो तर डोसची गाडी कसाऱ्याच्या ट्रॅफिकमध्ये. इंजेक्शन मिळालं १०:४० ला. आई डायबेटिक, रात्री नऊपासून पोटात पाण्याशिवाय काही नाही. मी काउंटरवर विचारलं तर म्हणे गाडी उशिरा निघाली हे आम्हाला साडेसहालाच कळलं होतं. अरे मग एक फोन करायला काय झालं होतं? दोनदा केलात ना आधी! तीन स्टार इथेच गेले.

आता चांगलं लिहितो. सिस्टर एक नंबर. आधी शुगर तपासली, ९६ निघाली. शुगर २०० च्या वर असेल तर बरेच ठिकाणी स्कॅन पुढे ढकलतात, कारण रक्तातली साखरच आधी पेशींमध्ये घुसते. इंजेक्शनची सिरिंज जाड धातूच्या नळकांड्यात घालून आणली, दिलं आणि लगेच बाहेर. मग तासभर एका खोलीत एकटं पडून राहायचं, बोलायचं नाही, मोबाइल नाही, काही चघळायचं नाही, कारण जो स्नायू हलेल तो साखर खाणार आणि तोच चमकणार. आईने बडीशेप काढली ती ठेवायला लावली, मग जपाची माळ काढली. "काकू, माळ पण नको, बोटं हलतात."
"मनात म्हटलं तर चालेल का गं?"
"मनात म्हणा, कितीही म्हणा."

एसी मात्र हिमालय. ब्लँकेट मागितल्यावर मिळालं, ते न मागता द्यायला हवं. थंडीने मानेजवळची चरबी शरीर गरम ठेवायला साखर जाळते आणि ती पण स्कॅनमध्ये उठून दिसते, म्हणजे हे लाड नाहीत, रिपोर्टचाच प्रश्न आहे.

प्रत्यक्ष स्कॅन वीस-पंचवीस मिनिटांचा, हात डोक्यावर घेऊन, दुखत वगैरे काही नाही. भारतातलं पहिलं पेट मशीन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये लागलं होतं, आता इथे नाशिकमध्येच कामटवाड्यातून रिक्षाने जाता येतं, ही सोय खरंच मोठी आहे.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणि सीडी. आईने फिल्म खिडकीशी धरली आणि तिचा चेहराच उतरला, डोकं काळंकुट्ट, ओटीपोटात काळा गोळा. "डोक्यात गेलं का रे?" फिल्मवर जिथे हे औषध साचतं तिथे काळं दिसतं. मेंदू सगळ्यांचाच काळा येतो, तो चोवीस तास साखरेवरच चालतो, आणि खालचा गोळा म्हणजे लघवीची पिशवी, औषध तिथूनच बाहेर जातं. हे रिपोर्ट देणाऱ्याने एका वाक्यात सांगितलं असतं तर तिची ती पाच मिनिटं वाचली असती. रिपोर्टमध्ये डोव्हिल स्कोअर (लिम्फोमाच्या पेट स्कॅनला देतात तो आकडा) २, पाचपैकी, आणि यात कमी तेवढं चांगलं. पुढचं डॉक्टर बघतील.

जाणार असाल तर जुन्या स्कॅनची सीडी आठवणीने न्या, फोनवर कोणी सांगत नाही आणि तुलना केल्याशिवाय रिपोर्ट अर्धवट राहतो, मला भावाला घरी पळवावं लागलं. शुगरच्या गोळीचं आधी डॉक्टरांना विचारा. आणि अंगात ते रेडिओॲक्टिव्ह औषध असतं म्हणून घरी लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर तो दिवस लांबच राहायला सांगतात. आमचा तीन वर्षांचा भाचा दाराबाहेरून "आजी, झालं का?" करत संध्याकाळपर्यंत बसला होता.