मॅट ग्रे पीव्हीसी शीट, मार्बल प्रिंट आणि काळं ॲक्रिलिक: तांब्याच्या भांड्यांवर सहा महिने वापरून

आधीच सांगते, हे सगळं मी तांब्या-पितळेच्या भांड्यांचे फोटो काढायला वापरलंय, साबण किंवा कुर्ते विकणाऱ्यांना वेगळा अनुभव येऊ शकतो. माझ्या धाकट्या दिरांचं भांड्यांचं छोटं दुकान आहे, माल पुण्यातल्या तांबट आळीतून येतो, मठारलेला, म्हणजे हातोडीचे ठोके देऊन अंगभर बारीक खळगे पाडलेला, आणि ऑनलाइन विक्री सुरू झाल्यापासून फोटो काढायचं काम माझ्याकडे आलंय.

पहिली खरेदी लाईटबॉक्सची. ती फसली. सोळा इंची घडीचा डबा, आत वरच्या बाजूला एलईडीच्या पट्ट्या, बांगड्या-कानातल्यांना ठीक असेल पण मठारकामाला अजिबात नाही, कारण प्रत्येक खळगा म्हणजे एक छोटा आरसा असतो आणि त्या पट्टीतला एकेक एलईडी प्रत्येक खळग्यात वेगळा टिपका होऊन दिसतो. एका तांब्यावर इतके पांढरे ठिपके आले की ठोक्यांची ओळच कळेना. शिवाय कॅमेरा घालायला समोर जे भोक असतं ते भांड्याच्या बरोबर पोटावर काळा चौकोन होऊन बसतं. चार दिवसांत परत केला.

मग दोन्ही बाजूंनी छापलेली मार्बल-लाकूड अशी बॅकग्राऊंड शीट मागवली, साधारण दोन बाय चार फुटांची. लिस्टिंगमध्ये मॅट लिहिलेलं होतं, आली ती चकचकीत लॅमिनेशनवाली आणि वर घडी घालून पाठवलेली, ती घडी शेवटपर्यंत गेली नाही, हेअर ड्रायर फिरवून झाला, गादीखाली दोन रात्री ठेवून झाली. पण घडीपेक्षा मोठी अडचण वेगळीच. तांबं हे समोरचं सगळं स्वतःत घेतं. खाली पांढरं मार्बल असेल तर भांड्याचा खालचा निम्मा भाग दुधाळ पांढरा होतो, त्यात मार्बलच्या करड्या रेघा वाकड्या होऊन चढतात आणि गिऱ्हाईकाला ते भांड्यावर डाग पडल्यासारखं वाटतं. भाऊजींनी पहिला फोटो बघूनच विचारलं, "वहिनी, हे घंगाळ आपलंच आहे ना, ह्याला पोचा कुठे आलाय?" लाकडाच्या बाजूने दुसरा त्रास, तपकिरीवर तांबूस भांडं, कडाच सापडत नाहीत. सुट्या मसाल्यांना, लोणच्याच्या बरणीला, पापडांना ती लाकडाची बाजू छान दिसते, तिथे मी अजून वापरते. भांड्यांना माझ्याकडून 5 पैकी 2.

तिसरी घेतली ती साधी, काही न छापलेली, गडद ग्रे मॅट पीव्हीसी शीट, अर्ध्या मिलिमीटरची, नळीत गुंडाळून आलेली. हिच्यावर मी खरंच खूश आहे. भिंतीला वरून दोन चिमटे, खाली टेबलावर मोकळी सोडलेली, मध्ये घडी न पडता गोलसर वळण, म्हणजे मागे टेबल-भिंतीची रेघ दिसत नाही. गुंडाळी सुटत नसेल तर उलट्या बाजूने गुंडाळून रात्रभर ठेवायची, सकाळी सरळ होते. चिंच-मिठाने घासलेल्या भांड्याचं पाणी सांडलं तरी ओल्या फडक्याने पुसून निघते, कागदाच्या रोलला हे जमत नाही. आणि रंग! गडद ग्रे भांड्याच्या तळाकडे उतरतो तेव्हा तांबं तिथे काळपट-लाल, भारदस्त दिसतं, हातात घेतल्यावर दिसतं तसं. निळसर ग्रे मिळाली तर अजून चांगलं, तांब्याचा तांबूसपणा निळ्यासमोर जास्त उठून दिसतो.

एक मात्र बघा, मॅट शीटसुद्धा तिरप्या उजेडात चमकते. खिडकी भांड्याच्या मागे असेल आणि तुम्ही कॅमेरा खाली टेबलाच्या पातळीला नेलात तर ग्रे शीटवर मोठा पांढरट पट्टा येतो, कारण उजेड ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो आणि इतक्या सपाट कोनात कुठलाही मॅट पृष्ठभाग थोडा आरशासारखाच वागतो. खिडकी डाव्या हाताला घ्या, कॅमेरा जरा वर घ्या, पट्टा जातो. 5 पैकी साडेचार, अर्धा कमी कारण भांड्याच्या बुडाने ओरखडे पडतात आणि ग्रेवर ते पांढरे दिसतात.

काळं ॲक्रिलिक ऑनलाइन न घेता बोर्ड आणि नंबरप्लेट बनवणाऱ्याकडून दोन बाय दोन फूट कापून घेतलं, 3 मिलिमीटर. भांड्याखाली तळ्यात पडावं तसं प्रतिबिंब मिळतं, दिवाळीच्या समईचे फोटो ह्याच्यावर काढले आणि ते फार सुंदर आले. आरसा वापरू नका, आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो म्हणून काचेचं एक आणि मुलाम्याचं एक अशी दोन प्रतिबिंबं पडतात. पण ॲक्रिलिकमध्ये छत, पंखा, समोरची भिंत सगळं दिसतं, मागे आणि वर काळं कापड ताणावं लागतं. धूळ हा तर रोजचा वैताग, कोरड्या फडक्याने पुसलं की स्थिर वीज वाढते आणि दुप्पट धूळ चिकटते, म्हणून आधी ब्लोअर, मग किंचित ओलं मायक्रोफायबर. वरची प्लॅस्टिकची फिल्म फोटो काढायच्या दिवशीच सोला.

रिफ्लेक्शन कमी करायला मी सीपीएल फिल्टरही, म्हणजे लेन्सवर लावायचा पोलरायझिंग फिल्टर, घेतला होता, त्याबद्दल बऱ्याच जणी विचारतात. भांड्यांवर काहीच फरक पडला नाही. फिल्टर बिघडलेला नव्हता, धातूवरून परतणारा उजेड फारसा पोलराइज होत नाही, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत येत नाहीत, म्हणून तो अडवता येत नाही. काच, ॲक्रिलिक, चकचकीत लेबल, तुपाची बरणी इथे तो कामाचा, तेही पृष्ठभागापासून साधारण 35 अंशांच्या तिरप्या कोनातून बघितलं तरच, आणि दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे ट्रायपॉड हवाच.

भांड्यांवरचे ठिपके शेवटी गेले ते खिडकीवर ताणलेल्या ट्रेसिंग पेपरने. उजेडाचा स्रोत मोठा आणि भांड्याच्या जवळ असला की प्रत्येक खळग्यात टिपक्याऐवजी मऊ उतरता उजेड भरतो आणि ठोक्यांच्या ओळी मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसतात, तांबटाने तासन्‌तास बसून केलेलं काम तेच तर आहे, ते दिसलं नाही तर फोटो कशाला काढायचा. पण चारही बाजूंनी पांढरं केलंत तर भांडं पिठासारखं सपाट होतं. म्हणून मी दोन बाजूंना काळ्या कार्डपेपरच्या चार-चार इंची पट्ट्या उभ्या करते, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत एवढ्या बाहेर, त्या भांड्याच्या कडेला बारीक गडद रेघ देतात. आतून कल्हई असेल तर वरून फोटो घेताना पंख्याची पाती आत दिसतात, तिथे वर एक थर्माकोलची शीट धरायला कुणाला तरी उभं करा. आणि गडद रंगाचे साधे कपडे घाला, माझा पिवळा कुर्ता एका अख्ख्या बॅचमध्ये आला होता, सगळं परत काढलं.

ॲमेझॉनला मुख्य फोटोत शुद्ध पांढरी बॅकग्राऊंड लागते, आरजीबी 255-255-255, आणि वस्तू फ्रेमच्या 85 टक्के. तिथे ग्रे चालत नाही. त्यासाठी पांढरा कागद भांड्यापासून तीन-चार फूट मागे ठेवते आणि फ्रेमच्या बाहेर जेवढा पांढरा उरतो तेवढा काळ्या कार्डने झाकते, नाहीतर तो पांढरा कडांवर चढून भांडं अर्धं गायब होतं.

शीट घेताना दुकानात जमलं तर मोबाईलचा टॉर्च अगदी आडवा धरून टाका. टॉर्चचा गोल आकार स्पष्ट दिसला तर ती ग्लॉसी, वर काहीही लिहिलेलं असो. उजेड पसरट पुसट दिसला तर घ्या, आणि नळीत गुंडाळूनच द्यायला सांगा.